रकाना भरण्यापूर्वी

मे-जून महिना आला की दिल्लीतील मराठी परिचितांकडून एक प्रश्न हमखास येतो. मुलीला किंवा मुलाला बी. ए. ला समाजशास्त्र घ्यायचे आहे, क्वचित मानवशास्त्र घ्यायचे आहे. घेऊ द्यावे का? विचारणाऱ्या आईवडिलांच्या मनातला खरा प्रश्न असतो तो या विषयांचा पुढे उपयोग काय, हा. त्यावर आजूबाजूला दोन उत्तरे तयार असतात. पहिले, काही उपयोग नाही, त्यापेक्षा अर्थशास्त्र किंवा वाणिज्य बरे. दुसरे, लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हे वैकल्पिक विषय चालतात, अभ्यासक्रम आटोपशीर आहे, तेव्हा घेऊन टाकावे.

माझे एम. ए. अर्थशास्त्रातले आणि नोकरी केंद्र सरकारच्या लेखापरीक्षेतली, म्हणजे दिवसभर आकड्यांशी संबंध. तरीही बी. ए. ला शिकलेल्या या दोन विषयांनी मला कामात काय दिले याचा हिशेब एकदा मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. वरची दोन्ही उत्तरे मला अपुरी का वाटतात, ते त्यातून स्पष्ट होईल.

वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे माझे शिक्षण लखनौला झाले. बी. ए. ला मी समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतले. त्या वयात ठाऊक नव्हते, पण या तीन विषयांनी लखनौत एकत्र येणे अगदी स्वाभाविक होते. १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात राधाकमल मुखर्जी यांनी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एकच विभाग उभा केला. १९२८ मध्ये त्याच विभागात धीरेंद्रनाथ मजुमदार आदिम समाजांची अर्थव्यवस्था शिकवायला आले आणि तेथील मानवशास्त्राचा पाया घातला गेला. शेतकऱ्याचे कर्ज, त्याची जात आणि त्याची सोयरीक ही एकाच माणसाची तीन अंगे आहेत, तेव्हा ती एकाच छताखाली अभ्यासावीत, असा विचार त्यामागे होता. आमच्या वेळेपर्यंत तीन विभाग वेगळे झाले होते आणि एका विभागाचे प्राध्यापक दुसऱ्याचे नाव क्वचितच काढत.

समाजशास्त्रात आम्हांला दुर्खीम, वेबर आणि मार्क्स शिकवत; मानवशास्त्रात मॅलिनोव्स्कींची ट्रोब्रिअंड बेटे आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांचे न्यूएर गुराखी. ढोबळमानाने, आपल्यासारख्यांचा अभ्यास ते समाजशास्त्र आणि परक्यांचा अभ्यास ते मानवशास्त्र, अशी वाटणी होती. घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांना भारताच्या बाबतीत ही वाटणी मान्य नव्हती. आपल्या देशात 'आपण' कोण आणि 'परके' कोण, हे ठरवणेच मुळात कठीण. हे मला पुस्तकातून कळण्याआधी वर्गात कळले. त्याकडे पुढे येते.

मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला कॅलिपर नावाचे, मोठ्या कंपाससारखे उपकरण असे. त्याने एकमेकींच्या डोक्याची लांबी-रुंदी आणि नाकाची रुंदी मोजायची आणि वहीत तक्ता करायचा. या मोजमापामागे मोठा इतिहास आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे आमच्यासारखेच सरकारी अधिकारी होते. हिंदुस्थानात माणसाचे सामाजिक स्थान आणि त्याच्या नाकाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते, असा सिद्धांत त्यांनी मांडला होता. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग नावारूपाला आणणारे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात या मोजमापांची फेरतपासणी केली आणि उत्तर भारताबाहेर हा नियम टिकत नाही, असे दाखवून दिले. इरावती कर्वे यांनी तर १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये कवट्यांच्या मोजमापावरच पीएच. डी. केली. मार्गदर्शकाचा कल वंशश्रेष्ठत्वाकडे होता. कर्वे यांनी मात्र मोजमापांतून तसा निष्कर्ष निघत नसल्याचे लिहिले. एखादा आकडा मिलिमीटरपर्यंत अचूक असला तरी ज्या प्रश्नासाठी तो घेतला तो प्रश्नच चुकीचा असू शकतो, हे मी प्रथम त्या प्रात्यक्षिकाच्या वहीत शिकले.

दुसरा धडा नातेसंबंधांच्या तासाला मिळाला. पुरुष म्हणजे त्रिकोण, स्त्री म्हणजे वर्तुळ, दोन आडव्या रेघा म्हणजे विवाह, अशा खुणांनी वंशावळ काढायला आम्ही शिकत होतो. मामाच्या मुलीशी विवाह हा विषय निघाला तेव्हा वर्गात हशा पिकला. उत्तरेत ही कल्पनाच किळसवाणी मानली जाते. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहून विचारले, "तुमच्याकडे चालते ना?" महाराष्ट्रातील अनेक जातींत चालते, मुलीच्या बाजूने पाहिले तर ती आतेभावाशी लग्न करते, असे मी सांगितले. हसणे थांबले आणि सगळा वर्ग माझ्याकडे एखाद्या दूरच्या बेटावरून आल्यासारखा पाहू लागला. प्राध्यापकांनी शांतपणे इरावतीबाईंचा १९५३ चा नातेसंबंधांवरील ग्रंथ पुढे केला. उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्र कसा बसतो आणि दोन्हीकडच्या चालीरीती येथे कशा मिसळतात, हे त्यात नकाशासकट होते.

परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांना 'तुमच्याकडे' हा शब्द चांगलाच परिचित असतो. त्या दिवशी मला जाणवले की परक्यांच्या अभ्यासात आपलाही नंबर लागतो आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा वाचला तेव्हा निषिद्ध नात्यांच्या कलमाला जोडलेला अपवाद पाहून बरे वाटले. दोन्ही पक्षांच्या रूढीला मान्य असेल तर तो विवाह वैध, असे कायदा म्हणतो. देशभरासाठी एक नियम लिहिताना कोणाची रूढी मोडते आहे याचा विचार कोणीतरी केला होता.

तिसरा धडा क्षेत्रकार्याचा. आम्हांला आठवडाभर खेरी जिल्ह्यात, नेपाळ सीमेलगतच्या एका थारू गावात नेले होते. उत्तर प्रदेशात १९६७ मध्ये ज्या पाच जमाती अनुसूचित म्हणून घोषित झाल्या त्यांपैकी थारू ही एक. आमच्या हाती छापील प्रश्नावली होती आणि पहिलाच प्रश्न होता, घरात माणसे किती. एका वयस्क बाईंनी मला उलट विचारले, आज झोपणारी सांगू की येथे जेवणारी सांगू? धाकटा मुलगा वीटभट्टीवर गेलेला होता, तो पावसाळ्यात परत येणार होता. पुतण्या झोपायला येथे होता पण जेवायला आपल्या आईकडे. मुलगी बाळंतपणासाठी आली होती. रकाना मात्र एकच होता आणि त्यात एकच अंक मावत होता. आमच्या प्राध्यापकांनी त्या रात्री प्रश्नावली बाजूला ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी फक्त चुली मोजून आणायला सांगितल्या. मुली असल्यामुळे आम्हांला स्वयंपाकघरापर्यंत जाता येत होते. घरांच्या संख्येपेक्षा चुलींची संख्या जास्त निघाली.

कुटुंब म्हणजे काय, हा प्रश्न भारतीय समाजशास्त्रात किती खोलवर चर्चिला गेला आहे, हे त्यानंतर समजले. एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेले खाणारे, सामाईक मालमत्ता असलेले, एकत्र कुलाचार पाळणारे नातेवाईक, अशी एकत्र कुटुंबाची व्याख्या इरावतीबाईंनी केली. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा गावाचा अभ्यास करून दाखवले की चुली वेगळ्या झाल्या, माणसे वेगवेगळ्या गावी राहू लागली, तरी मालमत्ता आणि परस्परांची जबाबदारी यांच्या दृष्टीने कुटुंब एकत्र असू शकते. ए. एम. शहा यांनी १९७३ मधील ग्रंथात 'कुटुंब' आणि 'घर' या दोन कल्पना वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरला. आपल्या जनगणनेने सोयीचा मार्ग काढला आहे: सामान्यतः एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकघरात जेवणारे लोक म्हणजे एक घर. मोजणीसाठी ती व्याख्या उत्तम आहे. अडचण येते ती त्या व्याख्येला धान्य, पैसा किंवा जमीन जोडली जाते तेव्हा.

एम. ए. ला गेल्यावर अर्थशास्त्रात हेच कुटुंब पुन्हा भेटले, पण आता ते एका अक्षराने दाखवलेले होते. त्याचे उत्पन्न एक, त्याची आवडनिवड एक, निर्णय घेणारे मन एक. कुटुंबाच्या आत कोण किती जेवतो हा प्रश्न समीकरणात येत नव्हता. अमर्त्य सेन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी घरातील सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी कसे चालतात यावर लिहिले आहे, हे खरे. पण आमच्या परीक्षेच्या पेपरात घर हे एकजिनसीच राहिले. अर्थशास्त्राला मी कमी लेखत नाही. सवलत कुटुंबागणिक दिली तर कुटुंबे कागदोपत्री विभक्त होतील, हा इशारा तेच शास्त्र देते आणि तो इशारा खरा ठरतो. मला नोकरीत दोन्ही गोष्टी लागल्या, त्याचे एक उदाहरण सांगते.

अंत्योदय अन्न योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. गरिबांतील सर्वांत गरीब घरांना प्रथम दरमहा २५ किलो धान्य मिळे. एप्रिल २००२ पासून ते ३५ किलो झाले. पुढच्या विस्तारात विधवा, अपंग आणि साठीपुढील निराधार व्यक्ती ज्या घरांच्या प्रमुख आहेत, त्या घरांचा समावेश झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील लोकांना माणशी पाच किलो दिले, पण अंत्योदयाचे ३५ किलो घरागणिकच ठेवले. म्हणजे प्राधान्य गटात घर एक धरा की दोन, धान्य तेवढेच. अंत्योदयात मात्र घर एक धरले तर वर्षाला ४२० किलो आणि दोन धरली तर ८४०.

काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात आमचे पथक या योजनेची तपासणी करत होते. संगणकाने एक यादी काढून दिली: घर क्रमांक एकच, पण अंत्योदय कार्डे दोन. पथकातील तरुण सहकाऱ्यांनी तत्परतेने लेखाआक्षेपाचा मसुदा तयार केला. दुसरे कार्ड रद्द करावे आणि आजवर दिलेल्या जादा धान्याची किंमत वसूल करावी, असा त्याचा आशय होता. मसुद्यात हिशेबाची एकही चूक नव्हती. मी त्यांना म्हटले, आपण आधी चुली पाहून येऊ.

पहिल्याच गावात एका घराच्या मागच्या ओसरीवर एक वृद्ध विधवा राहत होत्या. पुढच्या दोन खोल्यांत मुलगा, सून आणि नातवंडे. दरवाजा एक, अंगण एक, घर क्रमांक एक. ओसरीच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल होती आणि तिच्यात त्या सकाळची राख होती. पती वारल्यानंतरच्या वर्षी चूल वेगळी झाल्याचे त्यांनी सांगितले. भांडण झाले होते का, असे आमच्या सहकाऱ्याने विचारले. भांडण कशाला, त्यांचीच पोटे भरत नाहीत, असे बाई म्हणाल्या. मसुद्यातील शिफारस अमलात आली असती तर त्यांचे ३५ किलो बंद झाले असते आणि वसुलीची नोटीसही त्यांच्याच नावाने निघाली असती.

तुम्ही वेगळे राहता का, असा थेट प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचे सोयीचे उत्तर साऱ्या गावाला ठाऊक होते. मग आम्ही खेरीच्या त्या आठवड्यात शिकलेले आडवळणाचे प्रश्न काढले. मीठ आणि तेल कोण आणते, एकत्र येते की वेगवेगळे? पाहुणा आला तर कोणाकडे जेवतो? गावातील लग्नात आहेराच्या वहीत नाव एकच लागते की दोन? आजारपणात औषधाचे पैसे कोणी दिले? शेजारच्या बायकांना वेगळे विचारायचे आणि शक्य तेथे चूल स्वतः पाहायची. एका दिवसात होणाऱ्या कामाला चार दिवस लागले. यादीतील काही घरांत चूल खरोखर वेगळी होती. काही घरांत ती केवळ कागदावर वेगळी होती. कार्डे दोन, पण मिठाचा डबा एक. ही घरे काही गरिबांतील गरीब नव्हती आणि त्यांतल्या दोघांची पडवी पक्क्या विटांची होती. काही घरांबाबत निश्चित काही सांगता येत नव्हते, कारण चूल पावसाळ्यात एक होई आणि सुगीनंतर दोन.

शेवटी आक्षेप दुसऱ्या गटापुरता ठेवला. तिसऱ्या गटाबाबत आम्ही एवढेच नोंदवले की स्वतंत्र घर कशाला म्हणावे याची लेखी कसोटी यंत्रणेकडे नाही, ती ठरवावी आणि तोवर वसुली करू नये. ओसरीतल्या बाईंचे कार्ड कायम राहिले. मसुदा लिहिणाऱ्या सहकाऱ्याने परतताना गाडीत विचारले, "मॅडम, हे मीठ-तेलाचे प्रश्न कोणत्या नियमावलीत आहेत?" कोणत्याच नियमावलीत नाहीत, बी. ए. च्या दुसऱ्या पेपरात होते, असे मी सांगितले. तो हसला, पण पुढच्या तपासणीत ते प्रश्न त्याच्या टिपणवहीत लिहिलेले दिसले.

हे एकट्या रेशनकार्डापुरते नाही. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने शंभर दिवसांच्या कामाची हमी घरागणिक दिली होती आणि घराची व्याख्या करताना एकत्र जेवणे किंवा सामाईक रेशनकार्ड असणे, हे दोन्ही निकष 'किंवा' घालून जोडले होते. चूल वेगळी पण कार्ड एक, अशा दोन भावांचे दिवस दोनशे की शंभर, हे त्या एका 'किंवा'वर अवलंबून राहिले. २००६ च्या वनाधिकार कायद्याने अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करायला सांगितले आणि पिढी म्हणजे २५ वर्षे असे ठरवून टाकले. आमच्या त्रिकोण-वर्तुळांच्या वहीत पिढीला वर्षे नसत, माणसे असत. मात्र त्याच कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन आणि जुन्या नोंदीतील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ चालते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९१० मध्ये मांडलेली वंशावळीची पद्धत आम्हांला परीक्षेपुरती वाटे. आज तीच एखाद्या कुटुंबाची जमीन वाचवू शकते.

मधली काही वर्षे मी शिलाँगला होते. खासी समाजात कूळ आईकडून चालते, आडनाव आईचे लागते आणि वडिलार्जित म्हणण्याऐवजी 'आईर्जित' म्हणावे अशी घरची मालमत्ता सर्वांत धाकट्या मुलीकडे, म्हणजे का खड्डुहकडे येते. तिने आईवडिलांना सांभाळायचे, घरातील धार्मिक कर्तव्ये पार पाडायची. मोठ्या निर्णयांत मामाचा शब्द मोलाचा. आमच्या कार्यालयात येणाऱ्या छापील अर्जांवर 'पित्याचे अथवा पतीचे नाव' आणि 'कुटुंबप्रमुख' असे रकाने असत. अर्ज भरणाऱ्या मुली ते निमूटपणे भरत. पण घरातील मालमत्तेविषयी, वारसाविषयी किंवा कोणाला विचारून निर्णय होतो याविषयी त्या भरलेल्या अर्जातून काहीच कळत नसे. मामासाठी रकानाच नव्हता. येथे मातृसत्ता आहे, बायकांचेच राज्य आहे, असे बाहेरून आलेले अधिकारी कौतुकाने म्हणत. मातृवंश आणि मातृसत्ता यांतला फरक बी. ए. च्या पहिल्या वर्षी घोकलेला असल्यामुळे माझी त्या गैरसमजातून सुटका झाली होती.

सरकारी रकाना माणसांची नोंद घेतो आणि कधी कधी त्यांचे आयुष्यही ठरवतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांच्यावर पोलिसांची हजेरी लादली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, परंतु नोंदवहीतले नाव गेले तरी ठाण्यातली आणि शेजाऱ्यांच्या मनातली नोंद टिकून राहिली. १९८० मध्ये आलेले लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि १९८७ चे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. मानवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात 'वर्गीकरण' हे एक प्रकरण होते. मराठी वाचकाला त्या वर्गीकरणाखाली जगलेल्या माणसांचा आवाजही ऐकायला मिळाला आहे.

जातींच्या नोंदीची गोष्टही अशीच. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत ४६ लाखांहून अधिक नावे आली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी याला सदोष आकडेवारी म्हणेन, आणि ती सदोष आहेच. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्यात आणखी काही दिसते. 'जात कोणती' असे विचारल्यावर कोणी पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी आडनाव, कोणी गोत्र, तर कोणी आपल्या समाजाने नव्याने घेतलेले सन्मानाचे नाव. प्रश्न एक होता आणि लोकांनी अनेक वेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला आहे. त्या आकड्यांवर पुढे जे वाटप आणि वाद होतील, त्यांचा पाया प्रगणक दारात उभा राहून प्रश्न कसा विचारतो, यावर राहणार आहे.

या विषयांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मानवशास्त्राला आपल्या अभ्यासविषयाच्या प्रेमात पडण्याची सवय आहे. मजुमदारांनी ज्या जौनसार-बावरमधील बहुपतित्वाचा दीर्घ अभ्यास केला, तेथेच कोल्टा समाजाची कर्जापोटी वेठबिगारी चालत होती. बहुपतित्वाची प्रथा समजून घेण्याजोगी होती, वेठबिगारी मोडण्याजोगी होती, आणि 'ही त्यांची परंपरा आहे' हे एकच वाक्य दोन्हींना लावता येत होते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा परंपरेकडे पाहत बसला नाही, हे योग्यच झाले. आदिवासींना वेगळे राखावे की मुख्य प्रवाहात आणावे यावर व्हेरिअर एल्विन आणि घुर्ये यांचा वाद झाला, तो वाचून कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला उद्या सकाळच्या फायलीवर काय लिहावे हे कळणार नाही. समाजशास्त्र निर्णय घेऊन देत नाही. घाईने घेतलेल्या निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागेल हे ते दाखवते, आणि पुढचे काम अधिकाऱ्याचे आहे.

म्हणून विचारणाऱ्या आईवडिलांना मी सांगते की घेऊ द्या, पण काही अटींवर. सोबत संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र असावे. केवळ संवेदनशीलतेवर आकड्यांशी भांडता येत नाही, आकड्यांचा हिशेब आला तरच त्यांना प्रश्न विचारता येतात. क्षेत्रकार्य नसलेल्या महाविद्यालयात हे विषय शिकू नयेत. परीक्षेच्या मार्गदर्शिका वाचून समाजशास्त्रात गुण मिळतात, समाजशास्त्र मिळत नाही. ज्या प्रांतात राहतो तेथील भाषा बाजारात आणि स्वयंपाकघरात चालेल इतकी तरी यावी. ही शेवटची अट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांच्या मुलांना तुलनेने सोपी आहे, कारण दोन भाषांत वाढताना एका भाषेतील नाते दुसरीत नीट बसत नाही याचा अनुभव त्यांनी लहानपणापासून घेतलेला असतो.

प्रवेश घेण्यापूर्वी सुट्टीत एक काम त्यांना जरूर द्यावे. आपल्याच घराण्याची तीन पिढ्यांची वंशावळ काढायची, आजीला, मामाला, आत्याला विचारून. आणि प्रत्येक नावापुढे लिहायचे की ती व्यक्ती आज कोणाच्या चुलीवर जेवते आणि तिच्या औषधाचे पैसे कोण देते. काही नावांपाशी पेन्सिल थांबेल, घरातली मोठी माणसे विषय बदलतील. तेवढ्यावर मुलाला कंटाळा आला तर वाणिज्य शाखेत खुशाल घालावे. पेन्सिल का थांबली हे त्याला जाणून घ्यावेसे वाटले, तर अर्जावर समाजशास्त्र लिहायला हरकत नाही.